समकक्ष

बेलार्मिना आर्चुलेटाची फाइल माझ्या टेबलावर आली
तेव्हा तिच्या कडेला चिखल होता.
वाळलेला, तांबूस, नखानं निघेल एवढाच.
मी तो काढला नाही. विभागप्रमुख म्हणून
त्या दिवशी तेवढंच मला ठरवता आलं.

सहा वर्षं ती डोंगराखालच्या पाटावर जात होती.
न्यू मेक्सिकोच्या त्या कोरड्या खोऱ्यात
पाणी पाळीनं मिळतं,
आणि पाळी चुकली तर मिरचीची रोपं
दुपारपर्यंत माना टाकतात.
तिथं तिनं नेमकं काय केलं?
फॉर्मवर रकाने तीन: संशोधन, अध्यापन, सेवा.
पहिल्याला चाळीस, दुसऱ्याला चाळीस,
सेवेला उरलेले वीस, तेही मोजताना कुणी वर बघत नाही.
तिचं काम तिन्हींत सांडत होतं
आणि एकही रकाना भरत नव्हता.

मोठा निबंध एकच. त्यावर अकरा नावं,
दहा पाटावरची, शेवटचं तिचं.
"मग हिचा वाटा किती?" हॅल्वर्सननं विचारलं
आणि उत्तर आधीच आल्यासारखा चष्मा पुसत बसला.

मला वेंडल प्रुइट आठवला.
नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत
मी त्याच्या फाइलवर लिहिलं होतं,
कार्य स्तुत्य, पण विद्वत्ता कुठे?
'पण'खाली रेघ मारली होती.
तो आता अमरिलोत टायर विकतो म्हणे.
फोन करायचा राहिला, असं मी म्हणतो. राहिला नव्हता.

संध्याकाळी मी बेलार्मिनाला बोलावलं.
"तू 'मदत केली' असं चौदा वेळा लिहिलंयस."
"मोजलंत?"
"मोजलं. सगळी खोड.
मदत शेजारीपाजारी करतात. तू शोधलंस
की कागदावर आहे त्याहून पाटाला
पाचवा हिस्सा पाणी कमी येतं, आणि ते कुठं मुरतं.
क्रियापद बदल, बाई."
ती हसली नाही.
"पण मी नाही शोधलं. एलुतेरिओला ठाऊक होतं.
मी विचारलं, कशावरून? मग आम्ही मोजलं."
"हेच लिही," मी म्हणालो. "याच क्रमानं."
साडेदहाला झाडूवाला येऊन दिवा घालवू का विचारून गेला.

बाहेरून सहा पत्रं लागतात, समकक्ष विद्वानांची.
पाच आली, जाड कागदावर.
सहावं मी पाटकऱ्याकडून मागवलं,
नियमात बसतं का हे डीनला न विचारता.
आलं ते पाळ्यांच्या वहीतल्या फाडलेल्या पानावर.
मागच्या बाजूला जूनमधल्या पाण्याचे तास:
साल्सिदो दोन, माएसची विधवा साडेतीन.

साहेब,
समकक्ष म्हणजे काय ते पुतणीनं समजावलं.
ही आमच्या बरोबरीची आहे. पहिल्या वर्षी नव्हती.
तिचं फावडं उथळ जायचं. आता जात नाही.
आमच्याकडे एवढं पुरतं.
तुमच्याकडे आणखी काय लागतं?
एलुतेरिओ विहिल

पाच बाजूनं, दोन विरुद्ध.
हॅल्वर्सन कुठल्या दोनात होता ते मला माहीत आहे,
आणि तो अजून माझ्याबरोबर जेवतो.

मार्चमध्ये पाट उपसायला ती मला घेऊन गेली.
पाटकरी काठीनं ज्याचा त्याचा तुकडा आखत चालला होता,
पोराला आठ पावलं, म्हाताऱ्याला आठ,
मला आठ.
मी नद्यांवर त्रेचाळीस निबंध लिहिले आहेत.
दोन तासांत तळहाताला फोड आले,
मी फावड्यावर रेलून उभा राहिलो, जरा ऐटीत.
एलुतेरिओ माझ्या तुकड्यात उतरला.
टाचेनं तळ चाचपला.
बराच वेळ चाचपला.
"इथं," तो म्हणाला, "परत."