चौथी नळी

दुसरा दिवस, सातवा, चौदावा, बाविसावा.
महिन्यातून चारदा येते मालू मेणसे
येळ्ळूरहून, पहिल्या बसनं, उपाशीपोटी,
बाही वर करते, विचारते,
"मागच्या खेपेला काय सापडलं?"

मी नळी बर्फात खोचते.
कसं सांगू, बाई, रक्तात निरोप फिरतात,
इतके बारीक की मशीनला नुसती चाहूल लागते.
अस्तर सुटतं तेव्हा हाकाटी वाढते,
बीज सुटल्यावर पहारेकरी आवाज उतरवतात,
पाहुणा आलाच तर बिचकू नये, म्हणे.
म्हणेच.
गेल्या महिन्यात तुझ्या नळीत नेमकं उलटं होतं.

फॉर्म कन्नडमध्ये. मी वाचते : मुट्टु.
ती हसते,
"आई म्हणायची, कावळा शिवला.
आता कावळ्याला कुठली भाषा?"

बाविसाव्या दिवशी आली नाही.
फोन लावला तर बासमतीच्या वाफ्यात उभी.
"कंबर धरलीय गं. ताप न्हाई,
पण अंगात कणकण.
लिही की तुझ्या कागदावर."

कागदावर तसा रकाना नव्हता.
समासात लिहिलं, निळ्या पेनानं, मराठीत :
कणकण.

नळी तशीच आहे स्टँडवर,
तिचं नाव चिकटवलेली.