सतरा पावलं, मग डावीकडे

चौसष्ट स्लाइड होत्या माझ्याकडे.
दर ऑक्टोबरला, मासे गोठवण्याच्या कारखान्यात,
जेवणघराचे पडदे ओढून
मी त्या एकामागून एक सरकवायचे:
बाण, तक्ते, मुखवटा चढवलेला एक निळा माणूस,
खाली ठळक अक्षरांत
अमोनिया गळाल्यास काय करावे.

खोली उबदार. कॉफी ताजी.
बाहेर फॅरोचा वारा छपराचे पत्रे हलवून बघत असायचा.
तेराव्या स्लाइडला हानुसची हनुवटी छातीला टेकायची,
चाळिसाव्याला तो घोरू लागायचा.
मी आवाज चढवायचे.
मग तोही चढवायचा.
शेवटी सह्या. सगळ्यांच्या सुरेख, वळणदार.
कागदावर सगळे वाचले होते.
कागद मात्र कुणी वाचला नव्हता.

एकदा सहज मारयूनला विचारलं,
वायू सुटला तर कुठं पळशील गं?
सुरी एप्रनला पुसत ती म्हणाली,
बाकीचे पळतील तिकडं.
बाकीच्यांना विचारलं.
ते म्हणाले, मारयूनच्या मागं.

त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या ऑक्टोबरला प्रोजेक्टर कपाटातच ठेवला.
बावीस जणांना कापणीच्या टेबलांशी उभं केलं,
त्यांच्याच लोकरी मफलरांनी डोळे बांधले,
यंत्रं बंद केली.
एवढी शांतता त्या शेडमध्ये
कुणीच कधी ऐकली नव्हती;
कुठून तरी बर्फाचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच.
मग व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं
पंख्याच्या जाळीवर टाकलं, म्हटलं,
वास आला की निघा.

हानुस निघाला तडक,
एखाद्या जहाजासारखा, थेट लॉकरच्या खोलीकडे,
जिथं त्याचा थर्मास असतो.
एकतीस वर्षं त्याच्या पायांना
तेवढी एकच वाट ठाऊक.
दोघं शीतगृहाच्या दारावर आदळले.
कुणीतरी कुणाला तरी सॉरी म्हणालं
आणि तो खांब निघाला.

बाहेर पडली ती रोवेना.
इलोइलोहून येऊन जेमतेम तीन महिने झालेली,
इथली भाषा अजून दाताखाली खड्यासारखी लागणारी.
पण रात्रपाळीला ती फरशी तीच पुसायची.
भिंतीला हात, तिसऱ्या नळानंतर फुटकी टाइल,
तिथून सतरा पावलं, मग डावीकडे,
पायाखाली गटाराची जाळी खणकली की दार.
तिच्या एप्रनची नाडी मारयूननं धरली,
मारयूनची बार्दुरनं,
आणि मेलेल्या माशांच्या वासातून
माणसांची एक लांबलचक दोरी
हळूहळू उजेडात ओढली गेली.

मी धक्क्यावर उभी, हातात घड्याळ, गारा तडतडत होत्या.
चार मिनिटं दहा सेकंद!
मी ओरडले, अगदी खुशीत.
बार्दुरनं डोळ्यांवरचा मफलर खाली ओढला,
आधी शेडकडे बघितलं, मग माझ्याकडे.
सुन्वा, तो म्हणाला,
वारा तिकडून तुझ्यावर येतोय.
तू मेलीस.

हसली सगळी. रोवेना सगळ्यात जास्त,
शब्द कळला नव्हता तरी.
चौसष्ट स्लाइडींत तेहेतिसावी
वाऱ्याच्या दिशेचीच होती.
मीच बनवली होती.
त्या दिवसापासून पोरं मला दुकानात विचारतात,
आज कशी आहेस, जिवंत?

मुख्य कचेरीतून पत्र आलं:
गुणपत्रिका कुठं आहेत?
किती टक्के लक्षात राहिलं?
उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

फेब्रुवारीत हानुसची बायको भेटली,
बटाट्यांच्या पोत्यापाशी, चेहरा रागानं लाल.
म्हणाली, काय शिकवलंस गं माझ्या माणसाला?
रात्री उठतो, दिवा लावत नाही,
भिंतीला हात लावून मोजत जातो,
सतराला डावीकडे वळतो
आणि कपाटावर आदळतो.
बरं, आदळून गप्प येऊन झोपावं की नाही?
तर खिडकी उघडून उभा राहतो, म्हणाली,
आणि मला उठवून विचारतो,
वारा कुठला आहे?