खाली का भरेल

शोरूमचा पोरगा मायलेज सांगत होता.
मी विचारलं, वजन किती?
तो हसला.
सावद्याच्या काट्यावर बावीस वर्षं
केळीचे ट्रक तोलतोय मी, बाबा,
मला गाडी तशीच कळते.

बांभोरीचा पूल ओलांडला तसा म्हणाला,
स्पोर्ट मोडवर टाका. दाबा आता.
दाबला.
पाठ सीटमध्ये रुतली,
पाळधी आली कधी, गेली कधी,
पोटात जत्रेतला पाळणा,
आणि पोरगा वरची कडी धरून गप्प.

लालच घेतली.
घरचे म्हणाले, या वयात?

देवळाआधी काट्यावर चढवली.
केबिनमधून देवचंद ओरडला, सवयीनं,
"खाली हाये का भरेल?"

चौदाशे वीसवर आकडा थांबला.
मी काच खाली केली,
बोललो मात्र नाही.