कातरणांची गोणी

मार्चचा वारा हंबर नदीवरून सुटतो तो थेट
आमच्या मागच्या गल्लीत शिरतो.
हलमध्ये असल्या गल्लीला टेनफूट म्हणतात.
दहा फूट. नाव कसलं, मापच.
तिथूनच आली असणार ती,
पोट फरशीला घासत,
आणि माझ्या शेडमध्ये
पडद्यांच्या कातरणांच्या गोणीत
व्याली. चार.

कॅरव्हॅनच्या कारखान्यात मी पडदे शिवते.
कातरणं घरी आणते गोधडीसाठी.
सहा वर्षं आणतेच आहे.
गोधडी राहिली, बाळंतपण झालं.

भाडेकरारात कलम अकरा : पाळीव प्राणी चालणार नाहीत.
चष्मा लावून दोनदा वाचलं.
पाळीव नव्हतीच ती.
मला बघून अशी फिस्कारली
की घरमालकाचीही खात्री पटली असती.

दूध देऊ नका, संस्थेची बाई फोनवर म्हणाली,
गाईचं दूध सोसत नाही त्यांना.
लहानपणापासूनच्या सगळ्या गोष्टींतलं बशीभर दूध
मी मुकाट्याने चहात ओतलं.
पिल्लांचं खाणं आणा, ते आईला घाला.
सारखं वाकून बघू नका.
ऊब ठेवा, अंधार ठेवा.
म्हणजे बाळंतिणीचेच नियम की,
फक्त डिंकाचे लाडू तेवढे वगळून.

माझ्या वेळी आई यायची होती.
तिच्याऐवजी व्हिसाचं पत्र आलं.
फोनवरून तिने शेक सांगितला, टोपडं सांगितलं,
जेवणानंतर बाळंतशेपा चावायला सांगितली.
मी हो हो म्हणत राहिले,
एका हातात लेक, एका हातात रिसीव्हर,
आणि घरात बाळंतशेपा कुठून असणार.

पाचव्या दिवशी मनी खायला उठली
तेव्हा चौथं उचललं.
ज्या काट्यावर गूळ तोलते
त्यावर रुमाल, रुमालावर ते.
एकाहत्तर. काल चौऱ्याहत्तर होतं.
पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात.
याचं कपाळ माझ्या करंगळीच्या नखाएवढं.
लिहिलंच असेल
तर फार बारीक अक्षरात.

मग दर दोन तासांनी सिरिंज,
गरम पाण्याची पिशवी, पुन्हा सिरिंज.
कारखान्यात एक अख्खा पडदा उलटा शिवला.
सुपरवायझर बोलला नाही,
नुसती कात्री पुढे सरकवली.

नवव्या दिवशी गोणी थंड.
तळाशी एकटं चौथं,
बिन आवाजाचं तोंड उघडत.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते,
हे मला माहीत होतं.
मी स्वतः सहा पाहिलीत.
पण कुणाला मागे ठेवून
नव्हते गेले मी. म्हणजे,
आईला सोडून.

इतक्यात भिंतीवर ठकठक. डोरीन.
चार वर्षांत एकदाच ठोकलं होतं तिने,
फोडणीने अलार्म वाजला त्या दिवशी.
मी पिल्लू ब्लाऊजमध्ये घालून
पहिल्यांदा तिच्या उंबऱ्यावर.

तिच्या बॉयलरखाली, धुण्याच्या टोपलीत
मनी आणि तीन.
ऐंशी वर्षांची डोरीन गुडघे टेकून जमिनीवर.
कशी हाक मारतेस हिला?
मनी.
पैसा? डोरीन म्हणाली, चांगलं आहे.
येऊ दे बाई, गॅसचं बिल भरायचंय.

चौथं मी टोपलीच्या काठाशी ठेवलं
आणि मागे सरले.
मनीने हुंगलं. माझा वास होता त्याला,
हळदीचा, शिलाई मशीनच्या तेलाचा.
बराच वेळ हुंगत राहिली.
मग मान धरून आत ओढलं,
मला काही न विचारता.

डोरीनने कपाटातून तिच्या आईचा तराजू काढला,
पितळेचा, ग्रॅम न कळणारा.
वजनं संपली तेव्हा
तिने शिवणाचा डबा उघडला.

तीन औंस
आणि एक बटण.