धावदोरा

मार्च. ईरी सरोवरावरचा वारा
पार्किंगमधल्या काळपट बर्फाच्या ढिगाला चाटून
माझ्या शिलाईखोलीच्या फटीतून आत येतो,
आणि त्याच आठवड्यात येतात मोकळे खेळाडू.

मोकळे, म्हणजे कुणीतरी मोकळं केलेले.
कागदोपत्री हा शब्द स्वातंत्र्याचा आहे.
इथे जिन्यावरच्या पावलांवरून कळतं
कुणाचं स्वातंत्र्य कुठल्या गुडघ्यात अडकलंय.

ऑगस्टिन प्रेजाँ. वय छत्तीस.
तेरा हंगाम, चार शहरं, डावा टॅकल :
क्वार्टरबॅकला जी बाजू दिसत नाही
त्या बाजूची भिंत.
डॉक्टरांनी त्याला आडवा केला, उभा केला,
गुडघ्यातलं पाणी काढलं, फोटो काढले.
वरच्या मजल्यावरच्या पोरसवदा साहेबानं
लॅपटॉपवरची नजर न हलवता सांगितलं,
"एक वर्ष. किमान पगार. हमी नाही."
घोडा घेताना निदान दात तरी बघतात.

माझ्याकडे येतात ते मापांसाठी.
डावा बूट पंधरा, उजवा साडेपंधरा,
"सूज धरून," तो म्हणाला,
जणू सूज हेही एक हाडच.
त्याचा जुना एकाहत्तर नंबर
कोल्टर नावाच्या बावीस वर्षांच्या पोराकडे आहे.
नंबर विकत घ्यायची रीत आहे यांच्यात,
घड्याळ देतात, कधी अख्खी गाडी.
हा म्हणाला, "असू दे. शिल्लक असेल तो दे."
अडुसष्ट शिल्लक होता.

आता एक कबुली.
अशांची नावं मी धावदोऱ्यानं टाचते.
लांब लांब टाके, गाठ न मारता सोडलेलं टोक;
ऑगस्टअखेर यादी लागली
की एक टोक ओढायचं, सगळं नाव हातात येतं.
दुष्टपणा नव्हे. कापड वाचतं.

त्यानं जर्सी हातात घेतली आणि उलटी केली.
इतक्या वर्षांत कुणी उलटी करून पाहिली नव्हती.
"माझी आई हूमा गावात लग्नाचे झगे शिवायची," म्हणाला,
"कच्चा टाका मला कळतो, मिस हॅलिना."
आणि मग, भाव करणाऱ्याच्या आवाजात नव्हे,
"पक्की घाल. फाटलं तर फाटू दे."

घातली.
दुहेरी दोरा, सात अक्षरांना दोन तास,
एकदा मशीनची सुई मोडली.

जुलैच्या शेवटापासून तो कोल्टरला हात शिकवत राहिला.
तळवा कुठे, अंगठा कसा, "आधी बस, मग मार."
ज्याच्यामुळे आपली जागा जायची
त्याच्याच खांद्याला धरून धरून
पाऊल कुठे टाकायचं ते दाखवत.
रात्री बर्फाच्या टबात दोघंच,
एक हसणारा, एक डोळे मिटलेला.

शेवटच्या मंगळवारी यादी लागली.
त्यानं हेल्मेट स्वतः पुसून आणून दिलं
आणि बुटांचं माप वहीत खोडू नकोस
असं काहीतरी म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही.

मी उसवायला बसले.
टोक सापडेना. शेवटचा एन अर्धा सुटला
तोच खालचं कापड चर्रकन बोललं.
तशीच घडी करून फडताळात टाकली,
वर कळवलं, उसवली.

ऑक्टोबर. कोल्टरचा घोटा, दुसऱ्या क्वार्टरमध्ये.
सोमवारी दुपारी जिन्यावर ती पावलं,
एक जड, एक त्याहून जड.
दारात उभा, विमानात चुरगळलेल्या शर्टात.
साहेबानं फोनवर एवढंच विचारलं होतं म्हणे,
"अजून मोकळाच आहेस ना?"

मी फडताळ उघडलं.
त्यानं शेवटच्या अक्षरावर अंगठा फिरवला,
लोंबणारा दोरा बघितला, हसला नाही.
"सुई दे," म्हणाला, "जाड."
आणि माझी खुर्ची ओढून, खिशातला चष्मा लावून,
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून
नेढं शोधू लागला.