तोदोराचा डावा डोळा

आधी वास.
जुन्या मऊ प्लास्टिकला वास असतो
न्हाणीघराचा, मेणाच्या खडूंचा, कपाटातल्या डांबरगोळीचा.
नकली मालाला नुसता नव्या चपलेचा.
मी डोळे मिटून हुंगते तेव्हा गिऱ्हाइकं हसतात.
निशिवाकी हसले नाहीत.
त्यांनी तोदोराला टॉवेलात गुंडाळून आणलं होतं,
नुकतं न्हाऊ घातलेल्या पोरासारखं.

ओसाका, तिसरा मजला,
खाली ऑक्टोपसच्या गोळ्या तळल्याचा धूर.
टेबलावर दिवा, भिंग, कापसाच्या काड्या
आणि समुद्रातून उठून अख्खं शहर तुडवणारा
वीतभर उंचीचा राक्षस.

उलटा केला.
तळपायावर कारखान्याचा शिक्का, लाटेत मासा. अस्सल.
शेजारी शाईनं, इयत्ता दुसरी, ब. वजा.
शेपटीच्या टोकाला दातांच्या खुणा.
"कुत्रा?"
"मी," ते म्हणाले. वजा.
पाठीच्या काट्यांवरचा चंदेरी फवारा शाबूत,
बगलेतली शिवण सरळ,
मान फिरते, फिरताना करकरते,
करकरायलाच हवी.
वरचा छापील पुठ्ठा नाही. पुष्कळच वजा.
चाळीस वर्षं मी हाच हिशेब करते आहे,
ज्याच्याशी कुणी खेळलं नाही
त्याला भाव जास्त.

मग डोळे.
उजवा पिवळा.
डावा लाल, चकचकीत, जरासा पापणीबाहेर सांडलेला.
हा रंग कारखान्याचा नव्हे.
"नेलपॉलिश आहे, कुवाबारा-सान. आईचं.
ती डिपार्टमेंट स्टोअरच्या लिफ्टमध्ये होती.
सहावा मजला, खेळणी. सातवा, किमोनो. वर गच्ची.
दिवसभर पांढरे हातमोजे आणि आत लाल नखं,
कुणालाच न दिसणारी.
मी एकदा विचारलं, मग लावतेस कशाला?"
तिनं काय उत्तर दिलं ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
भाव ठरवताना कमी बोलावं.

"पुसून टाकलं तर?"
खालचा पिवळा वाचला, तर तीस हजार जास्त.
आश्रमाचं बिल पंचवीस तारखेला भरायचं होतं,
आईच्या खोलीचं. हे मला नंतर कळलं.
तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

काडी, थेंबभर द्रव, रोखलेला श्वास.
लाल सुटत गेलं.
खाली पिवळा नव्हता.
खाली काहीच नव्हतं.
कोरं, हिरवट, गुळगुळीत प्लास्टिक,
कुठल्याशा दुपारी पट्ट्यावरून सरकताना
रंगवणाऱ्या बाईच्या ब्रशखालून निसटलेलं.

भिंग दोनदा लावलं.
हात थरथरला, सांगायला लाज वाटते.
असा चुकलेला नग मी नुसता ऐकून होते.
याच्यासाठी माणसं गाडी विकतात.
आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला.
शून्यं त्यांनी बोटानं मोजली,
आणि परत मोजली.

"हां," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"आत्ता आठवलं. मी रडलो होतो.
एका डोळ्यानं याला समुद्राची वाट दिसणार कशी, म्हणून.
तेव्हा तिनं बाटली काढली."

सही केली. शिक्का उमटवला. पैसे घेतले.
टॉवेलाची घडी घातली, पुन्हा मोडून घातली.
दारापर्यंत जाऊन वळले,
"ती काडी तुम्ही टाकूनच देणार असाल, तर..."

मी ती पावतीच्या पाकिटात घालून दिली.
पावतीवर तिचा उल्लेख नाही.

संध्याकाळपर्यंत तिघांचे फोन.
एकानं विचारलं, डोळा खरंच कोरा आहे ना,
अगदी कोरा?
अगदी, म्हटलं.

रात्री शटर ओढण्याआधी
मी काचेचं कपाट उघडलं
आणि त्याला जरासा फिरवून ठेवला,
उजवा डोळा बंदराच्या बाजूला.