रात्री कुठे होतास

शनिवारी साडेपाचला दुकान मिटतं
आणि लुईस बेटावर रविवार उतरतो,
दार लोटून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
पूर्वी बागेतले झोपाळेसुद्धा बांधून ठेवायचे, शोनाग सांगते,
पोरांनी झुलू नये म्हणून.
आता बांधत नाहीत. तरी कुणी झुलत नाही.

दीड दिवस औषधांकडे कुणी बघत नाही.

सोमवारी मी दिवे लावले, कोट अंगावरच,
फ्रिजच्या दारावरचा आकडा वाचला: चार.
वहीत लिहिला. सही केली.
दोन ते आठच्या मधला, गुणी बाळासारखा चार.

"आत्ताचं नको सांगूस," मागून शोनाग,
"आत्ता सगळेच शहाण्यासारखे वागतात.
रात्री कुठे होता ते विचार त्याला."

बारीक बटण आहे त्या यंत्राला,
बॉलपेनच्या टोकाने दाबायचं.
दाबलं.
उणे तीन पूर्णांक चार.

दूध नासलं तर सांगतं. पावाला बुरशी येते.
मासळी तर अख्ख्या गल्लीला ओरडून सांगते.
इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलं
की गप्प राहतं.
तसंच नितळ, काचेत भरलेलं झऱ्याचं पाणी,
फक्त त्यातलं औषध
उठून गेलेलं.

शेजारी दुसरं बटण आहे.
ते दाबलं की मागचे आकडे पुसले जातात.
खरं सांगते, माझं बोट त्याच्यावर होतं.
शनिवारी फ्रिज मीच पुसला होता,
ओल्या फडक्याने, गुणगुणत,
आणि आतला खटका, एक ते सातमधला,
सातावर बसला होता.

एकेचाळीस पेनं, लशींची दोन खोकी.
शोनागने सगळं वेगळ्या ट्रेमध्ये काढलं,
वर लाल चिठ्ठी: देऊ नये.
कंपनीतला माणूस फोनवर "टाका" म्हणाला,
इतका पटकन, की मला त्याचा रागच आला.

दहाला रूअरी आला, खेकड्यांच्या बोटीवरून थेट,
बाहीला खारा वास.
घरातलं शेवटचं पेन संपत आलेलं,
आणि वाऱ्यामुळे अल्लापूलची बोट रद्द.
त्याने ट्रेमधलं एक उचलून उजेडात धरलं.
"काय झालंय याला? स्वच्छ तर आहे."
"स्वच्छ आहेच," शोनाग म्हणाली. "त्याचीच तर भीती."
"मग मी काय तुमची वही चाटू?"

ती काही बोलली नाही. फोन उचलला.
नेसच्या टोकाला पाच पेनं होती, तीन देतो म्हणाले.
पाववाला मर्डो तिकडूनच यायचा होता,
थंड पिशवीत घेऊन येईल, पण त्याचे थांबे झाल्यावर.
रूअरी वजनकाट्याशेजारच्या खुर्चीत दोन तास बसला.
मी चहा दिला, बिनसाखरेचा.
प्यायला. माझ्याकडे बघितलं नाही.
खटक्याचं त्याला माहीत नव्हतं,
तरी मला वाटलं, माहीत आहे.

दुपारी तिने नोंद केली. शाईने.
'शनिवारी फ्रिज पुसताना खटका फिरला.'
कुणी फिरवला, ते नाही.
मी म्हटलं, माझं नाव राहिलं.
"नाव लिहिलं," ती पेनाला टोपण लावत म्हणाली,
"की पुढच्या वेळी खटका आपोआप फिरतो."

माझा सकाळचा चार तिने खोडरंगाने झाकला नाही.
एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला तो दुसरा आकडा.
वही उघडली की अजून दोघे शेजारी दिसतात.

खटक्यावर आता चिकटपट्टी आहे,
तिच्या वळणदार गेलिकमध्ये काहीतरी लिहिलेलं.
मी ग्लासगोची, मला गेलिक येत नाही.
विचारलंही नाही.
सकाळी कोट काढायच्या आधी
खिशातलं बॉलपेन काढते.